पेटी लहान, पाय मोठा

काका, मी 24 वर्षांचा, राहणार खानापूर तालुका. दिवसा बेळगावात उद्यमबागला सीएनसी मशीनवर कामाला, आणि गणपती, शिवजयंती, जत्रा, लग्नं असली की एका ऑर्केस्ट्रात गिटार. तीन सुटी पेडलं होती, त्यातलं एक गेल्या पावसाळ्यात गेलं. आता एकदाचा मॉडेलर घ्यायचाय. दोन सेकंडहँड मिळतायत, किंमत जवळपास सारखीच. गोव्यातल्या मित्राकडं एचएक्स स्टॉम्प आहे, कोल्हापुरात एकाकडं पॉड गो. सगळे म्हणतात स्टॉम्पच घे, मोठमोठे लोक तोच वापरतात, शिवाय गिटारच्या पिशवीत मावतो. मी दहा मिनिटं वाजवून पाहिला, आवाज झकास आहे. पण बटणं तीनच, आणि माझा पाय दहा नंबरचा. आमचे मालक म्हणतात, स्टेजवर तुला दोन फुटांच्या वर जागा मिळणार नाही. काय घेऊ?
— 'दहा नंबर', खानापूर

दहा नंबर,

आधी मला एक सांग. तो स्टॉम्प दहा मिनिटं वाजवलास तेव्हा तो कुठं ठेवला होता? टेबलावर नाहीतर पलंगावर, आणि बटणं दाबलीस बोटानं. बरोबर ना? सगळे असंच बघतात. चप्पल घ्यायला गेलं की माणूस पाय घालून दोन पावलं चालून बघतो, आणि पायानं वाजवायची वस्तू मात्र बोटानं दाबून घेतो.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॉडेलर म्हणजे अॅम्प, त्याचा स्पीकर, त्याच्यासमोरचा माइक आणि पायाशी ओळीनं मांडलेली, गिटारचा आवाज बदलणारी पेडलं, या सगळ्याची हुबेहूब डिजिटल नक्कल करणारी एकच पेटी. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं थेट मिक्सरला. अॅम्प वाहून न्यायची कटकट संपली. 1998 साली लाइन सिक्स कंपनीनं पहिला पॉड काढला तेव्हा ती घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची लाल पेटी होती आणि ती टेबलावरच ठेवायची होती. पायाची बटणं हवी असली तर वेगळी फळी वायरनं जोडायची. म्हणजे आवाजाचा डबा कुठं आणि पाय कुठं, हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा. आता दोन्ही एकाच पेटीत आलेत, पण पेटी लहान करायची तर बटणं कमी करा नाहीतर जवळजवळ आणा. तिसरी वाट नाही.

आवाजाची चिंता तू सोड. स्टॉम्प आणि पॉड गो दोन्ही त्याच कंपनीचे, अॅम्पच्या नकला एकाच घराण्यातल्या. फरक आहे तो जोडणीत. पॉड गोमध्ये वाह (पायानं आवाज 'वॉव-वॉव' करणारा), व्हॉल्यूम, अॅम्प, कॅबिनेट (स्पीकरचा खोका), इक्यू (जाड-बारीक आवाजाचा समतोल) यांच्या जागा आधीच ठरलेल्या, आणि वर चार इफेक्ट, म्हणजे आवाजातले बदल, तुझ्या मर्जीचे. स्टॉम्पमध्ये आठ घरं, हवं ते हव्या क्रमानं भर, दोन अॅम्पसुद्धा एकदम चालव. घरी बसून प्रयोग करणाऱ्याला स्टॉम्पच भारी वाटणार. पण तुझ्या पत्रात प्रयोगाचा एक शब्द नाही. गणपती, जत्रा, लग्न हेच आहे. तिथं समोरून चिठ्ठी येते, मालक निवेदकाच्या कानात पुटपुटतात, ढोलकीवाल्यानं ठेका धरलेला असतो, आणि तुला चार मात्रांत स्वच्छ आवाजावरून कडक आवाजावर यायचं असतं. तेही खाली न बघता.

म्हणून मापं घेऊ. तू सीएनसीवर काम करतोस, तुझ्या खिशात व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) असतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग तुला दिसतो. मग स्वतःचा पाय एकदा मोज की! दहा नंबरच्या बुटाचा तळ चवड्यापाशी अकरा सेंटीमीटरच्या आसपास भरतो. आता स्टॉम्प: रुंदी 178 मिलिमीटर, खोली 126, बटणं तीन. म्हणजे एकेका बटणाच्या वाट्याला सहा सेंटीमीटरही धड येत नाहीत. अकराचा पाय आणि सहाची जागा. बुटाचं फक्त टोक, तेही तिरकं करून, वरून अलगद टेकवलंस तर एकच बटण दबेल. घरात दबतंच. स्टेजवर गाण्याच्या भरात पाय तिरका होत नाही, सपाट पडतो.

तुलनेला एक जुनं माप देतो. बॉसचं छोटं पेडल, जे आपण सगळ्यांनी कधी ना कधी वापरलंय, ते 73 मिलिमीटर रुंद असतं. त्याचा अख्खा पुढचा अर्धा भाग म्हणजेच बटण. कुठंही पाय द्या, चालू होतं. तुझी तीन पेडलं शेजारी शेजारी मांडलेली असताना तुला कधी अडचण आली नाही, याचं कारण हे. तुझा पाय बदललेला नाही, लक्ष्य लहान झालंय.

माझी स्वतःची फजिती सांगतो. चिकोडीकडच्या एका जत्रेत मी अशीच तीन बटणांची नवी पेटी घेऊन गेलो होतो, कुठल्या कंपनीची ते जाऊ दे. स्टेज ट्रॉलीचं, वर ताडपत्री, त्यावर सतरंजी. सोलो आला, मी मधलं बटण दाबायला गेलो आणि बुटाखाली मधलं नि उजवं दोन्ही आली. वर पाय तिथंच टेकून राहिला. त्या पेटीत बटण दाबून धरलं की ट्यूनर (तारा सुरात लावायची सोय) चालू आणि आवाज बंद! मी डोळे मिटून तारा ओढतोय, आणि बाहेर शांतता. मालक विंगेतून ओरडले, "आवाज कुठं गेलाय की रं!" ढोलकीवाल्यानं तिहाया मारून आठ मात्रांचं भगदाड बुजवलं. वर पेटी इतकी हलकी की पाय काढताना वायरीसकट सतरंजीवरून सरकली, मग पुढच्या कडव्याला मी तिला शोधतोय. त्या रात्री परत येताना गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही, नुसतं मधूनमधून कुणीतरी "ट्यूनर" म्हणायचं आणि सगळे हसायचे.

स्टॉम्पचंही तिसरं बटण मुळात टॅपचं, म्हणजे पायानं ठेका देऊन लय ठरवायचं आहे आणि तेच धरून ठेवलं की ट्यूनर येतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याला इफेक्टचं काम लावता येतं, पण मग ट्यूनरची सोय दुसरीकडं करावी लागते. लहान पेटीचं हे असंच असतं: एका बटणाला दोन-दोन, तीन-तीन नोकऱ्या. एकदा दाबलं तर एक, धरलं तर दुसरं, शेजाऱ्यासकट दाबलं तर तिसरं. आणि धरण्याचं काम लावलं की कित्येक पेट्या नुसत्या दाबण्याचं काम पाय उचलल्यावर करतात, कारण तू धरणार आहेस की सोडणार हे त्यांना आधी कळत नाही. तो अर्ध्या मात्रेचा उशीर ठेक्यावर वाजवणाऱ्याला लगेच टोचतो.

यावर तुझे मित्र म्हणतील, बाहेरचा दोन बटणांचा स्विच जोड की. जोडता येतो, खरं आहे. स्टॉम्पला त्यासाठी जॅक दिलाय, एक्स्प्रेशन पेडलही (पायानं खाली-वर करून आवाज कमीजास्त करायचं) त्याच जॅकला लागतं, आणि दोन्ही हवी असली तर वाय केबल घेऊन वाटणी करावी लागते. आता बेरीज कर. 178 मिलिमीटरची पेटी, शेजारी दोन बटणांचा स्विच, शेजारी पेडल, मधे प्लगांना वळायला जागा. पस्तीस-चाळीस सेंटीमीटर सहज झाले. मग हे सगळं सरकू नये म्हणून खाली प्लायची फळी आणि वेल्क्रो. गिटारच्या पिशवीत मावते म्हणून घेतलेली पेटी शेवटी वेगळ्या बॅगेतच जाते. असे संसार मी पाच-सहा तरी पाहिलेत.

पॉड गो सुमारे 36 सेंटीमीटर रुंद आणि 23 खोल, वजन अडीच किलोच्या आत. पंधरा इंची लॅपटॉप एवढीच चटई, फक्त उंची नऊ सेंटीमीटरच्या जवळ. जाड लॅपटॉपच्या सॅकमध्ये बसतो. गिटार पाठीला आणि सॅक टाकीवर ठेवून खानापूरहून बेळगावपर्यंत पंचवीसेक किलोमीटर मोटरसायकलवर येता येतं. पावसात सॅकच्या आत खताची जाड पिशवी घाल, वरच्या रेनकव्हरवर खानापूरच्या पावसात भरवसा ठेवू नको. बटणं आठ, दोन ओळींत, आणि उजवीकडं एक्स्प्रेशन पेडल अंगचंच. दोन बटणं मोड (बाकीच्या बटणांचं काम बदलणारं) नि टॅपची धर, सहा तुझ्या हाताशी, म्हणजे पायाशी. मालकांचे दोन फूट म्हणजे 61 सेंटीमीटर. पॉड गो ठेवून शेजारी एक पाय टेकायला 25 सेंटीमीटर उरतात. मालक चुकत नाहीयेत, तू त्यांना आकडा सांगितलेला नाहीस एवढंच.

दोन ओळींची पेटी म्हणजे सगळं सुरळीत असंही समजू नको. मागच्या ओळीकडं जाताना टाच पुढच्या ओळीवर पडते, ही त्यातली खोच. म्हणून सतत लागणारे आवाज पुढच्या ओळीत ठेवायचे आणि मागं टाकायची ती कामं जी दोन गाण्यांच्या मधे करायची असतात. क्वाड कॉर्टेक्स म्हणून एक भारीतली पेटी आहे, 29 बाय 19 सेंटीमीटरमध्ये अकरा बटणं बसवलीत, शिवाय तीच बटणं हातानं फिरवली की नॉबचं काम करतात. कारागिरी म्हणून थक्क व्हायला होतं. तुझ्या पायाला मी ती फुकटातही सुचवणार नाही. दुसऱ्या टोकाला हेलिक्स फ्लोअर: बारा बटणं, ऐसपैस, पण 56 सेंटीमीटर रुंद आणि साडेसहा किलोच्या वर. तुझ्या दोन फुटांत ती बसेल, तू बसणार नाहीस.

आता ती गोष्ट, जी तुझ्या पत्रात नाही पण तुझ्या कामात आहे. तू वर्षातले निम्मे कार्यक्रम अनवाणी वाजवतोस. मांडवात समोर मूर्ती असते, स्टेजवर कुणी चप्पल चढवू देत नाही. देवळापुढच्या जत्रेत तर प्रश्नच नाही. अनवाणी पायानं एक फायदा होतो: अंगठ्यानं नेमकं बटण सापडतं, सहा सेंटीमीटरसुद्धा पुरतात. पण धातूची उभी बटणं तासाभरानं अंगठ्याच्या मुळाशी बोचायला लागतात, आणि मग नकळत तू पाय आडवा टाकतोस. त्यात स्टॉम्पची बटणं स्पर्शाला जागी असतात. न दाबता नुसतं बोट लावलं तरी त्या बटणाचा इफेक्ट पडद्यावर पुढं येतो, म्हणजे संपादनाला सोपं जावं. बुटाला ते ओळखत नाही, कातडीला ओळखतं. अनवाणी अंगठा घासला की आवाज बदलत नाही, पण पडदा भलत्याच इफेक्टवर जातो, आणि तू वाकून नॉब फिरवतोस तेव्हा गेन (आवाजाचा कडकपणा) वाढायच्या ऐवजी डिले (प्रतिध्वनी) वाढतो. ग्लोबल सेटिंगमध्ये हा स्पर्श बंद करता येतो. स्टॉम्प घेतलासच तर पहिल्या दिवशी ते कर.

आणि अनवाणी आहेस म्हणूनच विजेचं बजावतो. जनरेटरवरचा मांडव, पावसानं ओली ताडपत्री, उघडे पाय, हातात तारा आणि ओठांना माइक. तुझा अॅडॅप्टर दोन पिनी असला तरी गिटारच्या तारा वायरीमार्फत मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मिक्सर एका लाइनवर आणि दुसरं काही दुसऱ्या लाइनवर असलं, किंवा अर्थिंगची पिन कुणी मोडून ठेवली असली, की करंट तुझ्यातून वाट काढतो. साउंडवाल्याला पहिल्यांदा अर्थिंग विचार, लाजू नको. आपल्याकडचा टेस्टर घेऊन माइकच्या जाळीला आणि तारांना स्वतः लावून बघ. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट टाक. मॅटला देवाचीही हरकत नसते. झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबव, गाणं कुठलं का चालू असेना.

ती फळी तशीही तुला लागणारच आहे. उद्यमबागला तुझ्या ओळखीचा पॅटर्नवाला किंवा सुतार असेलच. 12 मिलिमीटरचा प्लाय, 60 बाय 30 सेंटीमीटर, खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटव. मागच्या कडेला दोन सेंटीमीटरची पट्टी मारून जरा उतार दे, मागची ओळ आपोआप वर येते आणि टाच पुढच्या ओळीला कमी लागते. पेटीच्या जवळ, फळीच्या कडेला गिटारची वायर एका क्लिपनं अडकव, म्हणजे कुणी वायरीत पाय घातला तर फळी ओढली जाईल, जॅक उखडणार नाही.

पैसे द्यायच्या आधी एक काम कर, यात खर्च काही नाही. मिठाईचा नाहीतर टीव्हीचा पुठ्ठा घे आणि दोन्ही पेट्यांच्या मापाचे तुकडे काप. बटणांच्या जागी बिसलेरीची झाकणं डिंकानं चिकटव. झाकणं नीट मापानं लाव, इथं तरी तुझा व्हर्नियर कामाला येऊ दे. पेटीचा समोरून काढलेला फोटो मागवून घे, रुंदी माहीत असली की बाकीची अंतरं त्रैराशिकानं निघतात. मग पुठ्ठा जमिनीवर ठेव, खोलीतला दिवा घालव, गिटार गळ्यात घाल, मोबाइलवर तुमच्या ऑर्केस्ट्राचंच रेकॉर्डिंग लाव आणि उभ्यानं वाजव. एकदा बूट घालून, एकदा अनवाणी. मान वर. जिथं आवाज बदलायचा तिथं झाकण दाब. दर गाण्यानंतर दिवा लावून बघ किती झाकणं चेपलीत आणि त्यातली किती चुकीची. स्टॉम्पच्या पुठ्ठ्यावर तुझी शेजारची झाकणं वारंवार चेपली तर विषय मिटला. नाही चेपली तर तुझा पाय माझ्यापेक्षा शहाणा आहे, खुशाल स्टॉम्प घे.

माझा अंदाज विचारशील तर पॉड गो. आणि घेतल्यावर दर गाण्याला एक प्रीसेट (आवाजाची साठवून ठेवलेली जुळणी) करत बसू नको. चिठ्ठीवर चालणाऱ्या कार्यक्रमात गाण्यांचा क्रम राहत नाही, तू प्रीसेटचे गठ्ठे चाळत बसशील. एकच प्रीसेट कर आणि त्यात चार स्नॅपशॉट लाव: स्वच्छ, जरा कुरकुरीत, कडक, सोलो. स्नॅपशॉट म्हणजे एका दाबात सगळे इफेक्ट एकदम आपापल्या जागी. तीन पेडलं नाचत नाचत बंद-चालू करायचे दिवस गेले. क्रम असा लाव की आवाज एकेका पायरीनं चढत जाईल. म्हणजे चुकून शेजारचं दाबलं गेलं तरी आवाज थोडाच इकडं-तिकडं होईल. सोलोच्या शेजारी स्वच्छ ठेवलास तर एका चुकीनं सोलो जमिनीवर. बटणांभोवतीच्या दिव्यांना चार वेगळे रंग दे, पण लाल आणि केशरी शेजारी नको, मांडवातल्या हॅलोजनखाली दोन्ही सारखेच दिसतात.

कोल्हापूरला पेटी बघायला जाशील तेव्हा बूट घालून जा आणि तिला जमिनीवर ठेवून बघ, विकणारा कितीही टेबल पुढं करो. प्रत्येक बटण वीसदा दाब. एका दाबात दोनदा चालू-बंद होतंय असं एखादं सापडलं तर ते आतून झिजलंय. स्विच बदलता येतो, पण ते पैसे किमतीतून काप. एक्स्प्रेशन पेडल पूर्ण खाली दाबून टोकाचा स्विच लागतो का बघ, वाह तिथूनच चालू होतो. अॅडॅप्टर मूळचाच माग. या पेटीला 9 व्होल्ट आणि 3 अँपिअर लागतात, तुझ्या जुन्या पेडलांचा अर्धा अँपिअरचा अॅडॅप्टर तिला उठवूही शकणार नाही. पावती नसली तरी चालेल, डबा नसला तरी चालेल, अॅडॅप्टर नसेल तर मात्र हजार-दोन हजार खाली ये म्हणावं.